ज्वारीच्या फुलोऱ्यावरील शत्रु-मित्र

ज्वारीच्या फुलांत मध नसतो. परागवहनाचें काम तिनें वाऱ्यावर सोंपविलें आहे. तरीहि कणीस शेंड्याकडून फुलत खालीं येतें, त्या दिवसांत सकाळींच सातेरी व फुलोरी मधमाशा त्यावर जमतात. त्या पराग नेतात. पोळ्यांतील पिलांचें पोषण त्यावरच होतें. दाण्याला त्यांचा उपद्रव नाहीं.

त्याच वेळीं मिज नांवाची चिमुकली नारिंगी माशी फुलांत अंडीं घालते. तिची अळी कोवळा दाणा शोषून कणीस पोंचट करते. तिच्यासाठीं फुलोऱ्यावर विष फवारलें, तर मधमाशाहि मरतात. मग करडई-सूर्यफुलाला परागवाहक कोठून मिळावे? मिजची एक पिढी सुमारें १५ दिवसांत पुरी होते. म्हणून साऱ्या गावानें पेरणी एकाच सुमारास करावी. फुलोरा एकदम येऊन सरला, म्हणजे शत्रूचा वंश वाढत नाहीं आणि मित्रहि वांचतात.