लघवी, कातडी आणि संशोधन



पदवीदानाबरोबरच मज्जारज्जूच्या दुखापतीवर काम करणाऱ्या काही तरुण संशोधकांचा आज इथे गौरव होतो आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. वैद्यकीय संशोधन म्हटलं की लोकांना हृदय आठवतं, कर्करोग आठवतो. झाडावरून, परांचीवरून किंवा मोटरसायकलवरून पडून कमरेखालच्या अंगाचा ताबा गमावलेला माणूस चटकन कोणाला आठवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मज्जारज्जूची दुखापत घेऊन जगणारे जगात दीड कोटींहून अधिक लोक आहेत.

दवाखान्यात पहिल्या दिवशी नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो, "डॉक्टर, चालेल ना हा?" त्याचं उत्तर शोधणाऱ्यांना जग मान देतं, आणि तो त्यांचा हक्कच आहे. मला आज वेगळ्या प्रश्नांची बाजू मांडायची आहे. घरी गेल्यावर लघवीचं काय? बसून बसून कातडी फाटली तर? पोट कसं भरायचं?

दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे रुग्ण बहुतेक मरतच, आणि मरत ते शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने. लुडविग गुट्टमान यांनी १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मॅन्डेव्हिलला विभाग सुरू केला, तेव्हा त्यांचं मुख्य साधन होतं दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणं, रात्रीसुद्धा. पुढे १९७२ साली मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांनी मूत्राशयाकडे पाहिलं. तोवर मधूनमधून कॅथेटर घालायचा तर सगळं निर्जंतुक हवं, असा दंडक होता. लॅपिडिस यांनी दाखवलं की रुग्णाने स्वतः हात स्वच्छ धुऊन, स्वच्छ नळीने ठरावीक वेळी मूत्राशय रिकामं केलं तरी भागतं. ताणून फुगलेल्या मूत्राशयाच्या भिंतीला रक्त कमी पोहोचतं आणि तिथेच संसर्ग फोफावतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ही पद्धत खेड्यातल्या घरातही जमते. तिने किती मूत्रपिंडं वाचवली असतील! तरी लघवीवरच्या शोधनिबंधाला आजही टाळ्या कमीच पडतात.

त्याच १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या होत्या. त्या स्पर्धांची परंपरा सुरू झाली ती गुट्टमान यांच्याच रुग्णालयाच्या आवारात, १९४८ साली, १६ खेळाडूंच्या तिरंदाजीने. कातडी आणि मूत्रपिंडं शाबूत राहिली, तरच पुढे खेळ आहे, नोकरी आहे, संसार आहे.

आता वॉर्डातल्या एका कामाबद्दल: दुखापत कितपत आहे ते तपासण्याबद्दल. शरीराच्या दोन्ही बाजूंना २८-२८ ठिकाणी कापसाचा स्पर्श आणि टाचणीचं टोक तपासायचं. शेवटी गुदद्वाराजवळ संवेदना आहे का, तिथला स्नायू रुग्णाला आवळता येतो का, हे पाहायचं. संकोचापायी किंवा घाईपायी बरेचदा हाच भाग राहून जातो. पण दुखापत पूर्ण की अपूर्ण, हे ठरतं नेमकं तिथे. ती नोंद चुकली, तर त्यावर उभा राहिलेला अभ्यासही चुकतो. रात्रीच्या पाळीत पडदा ओढून, रुग्णाला विश्वासात घेऊन ही तपासणी नीट करणारा निवासी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट माझ्या लेखी संशोधकच आहे.

गौरव आणखी एका प्रकारच्या धैर्याचा व्हावा. १९९० साली मेथिलप्रेडनिसोलोन या औषधाच्या मोठ्या मात्रेचे उत्साहवर्धक निष्कर्ष आले आणि दुखापतीनंतर आठ तासांच्या आत ते देण्याची रीत जगभर पडली. मग काहींनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. फायदा वाटला तेवढा भक्कम नव्हता, संसर्गाचा धोका मात्र होता. २०१३ साली अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या मार्गदर्शक सूचनांनी ते न वापरण्याची शिफारस केली. वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण "फायदा दिसला नाही" असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यालाही शाल-श्रीफळ मिळालंच पाहिजे.

आणि ज्यांना दुखापत झाली आहे, त्यांनाही संशोधक म्हणून घडवा. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४च्या अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांनी व्हीलचेअरवरून शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कमध्ये पुनर्वसनशास्त्र शिकून घेतलं आणि परत येऊन वेल्लोरचा पुनर्वसन विभाग सांभाळला. अशा विद्यार्थ्याला आज आपल्या प्रयोगशाळेत शिरायला उतार आहे का, टेबलाखाली व्हीलचेअर जाते का?

विभागप्रमुखांना माझी विनंती आहे: ज्याने रात्री जागून नोंदी घेतल्या, त्याचं नाव शोधनिबंधावर आधी येऊ द्या, आपलं नंतर. आणि गौरव झालेल्या मित्रमैत्रिणींनो, तुमचे निबंध इंग्रजीत छापून येतील, यायलाच हवेत. पण ज्यांनी तुम्हाला टाचणी टोचू दिली, त्या प्रत्येकाला फोन करा आणि काय सापडलं ते त्याच्या भाषेत सांगा.