जुनं विमान घेताना

माझा भाचा अमेरिकेत असतो. वैमानिकाचा परवाना हाती पडताच त्याचा फोन आला, "मामू, जुनं विमान घेतोय. सेसना १५०. रंग कोरा करकरीत!"

दोन आसनांचं हे विमान १९५८ ते १९७७ या काळात बनलं. म्हणजे त्यातलं सर्वांत धाकटंसुद्धा पन्नाशीला टेकलेलं! मी कवी माणूस, मला स्कूटरचंही धड कळत नाही. पण बाजारात शिंगं रंगवून आणलेल्या बैलाचे आधी दात बघतात, एवढं ठाऊक आहे. विमानाचे दात म्हणजे त्याच्या नोंदवह्या. इंजिन किती तास चाललं, कधी उघडलं, दुरुस्ती कुणी केली, सगळं त्यांत असतं. पुष्कळ चाललेल्या इंजिनापेक्षा वर्षानुवर्षं उभं राहिलेलं कधी कधी जास्त फसवं. तेल निथळून जातं आणि आत गंज धरतो. तपासायला मेकॅनिक आपला न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे.

"वह्या पाहिल्यास?"

तो गप्प. मग म्हणाला, "दहा वर्षांची एक हरवलीय म्हणतो मालक."

शेजारी आपा, त्याची आई, ऐकत होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला. "पैसे दिलेस?"

"अजून नाही, अम्मी."

तिनं फोन मला परत दिला आणि ती पाणी प्यायला उठली.