डब्यात उरलेली भाजी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला व्यासपीठावर उभे राहण्याची सवय नाही. हळदीकुंकवाच्या वेळी भांडी मोजून घेण्यापलीकडे मंडळाची कुठली जबाबदारी मी कधी घेतली नाही. तरी आज उभी राहिले आहे, कारण गेल्या वर्षी माझी एक फजिती झाली. ती सांगितल्यावाचून माझे मागणे तुम्हांला पटायचे नाही.

माझा नातू इथल्याच एका प्राथमिक शाळेत दुसरीला होता. त्याचा डबा मीच भरते. डबा रोज चाटून पुसून रिकामा परत येई, आणि मी शेजारणींना मोठ्या तोऱ्याने सांगे, "आमचा पोरगा दुधीसुद्धा खातो हो!" एके दिवशी तो पाण्याची बाटली विसरला, ती द्यायला मी शाळेत गेले. मधली सुट्टी नुकतीच संपली होती. झाडलोट करणाऱ्या मावशी वर्गातली बादली घेऊन निघाल्या होत्या. बादलीत वरच दुधीची भाजी होती. चणाडाळ घातलेली, वर ओले खोबरे. आपल्या हातची फोडणी ओळखायला चष्मा लागत नाही. खाली पोळ्या, इडल्या, अर्धवट खाल्लेली केळी. मावशी म्हणाल्या, "आजी, हे रोजचंच आहे. डबा तसाच नेला तर घरी ओरडा बसतो, म्हणून पोरं इथंच ओततात."

मी तरातरा मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. शाळेत कोणी लक्ष देत नाही, असेच माझे म्हणणे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "वीस मिनिटांची सुट्टी. हात धुण्यात आणि झाकण उघडण्यात पाच-सात जातात. तुम्ही किती पोळ्या देता?" मी म्हटले, तीन. आणि घरी आल्यावर? घरी आल्यावर पुन्हा गरम वरणभात.

भगिनींनो, सरकारी शाळांतून १९९५ पासून मुलांच्या दुपारच्या आहाराची योजना चालू आहे. २०२१ पासून तिला पंतप्रधान पोषण म्हणतात. तिच्यात पहिली ते पाचवीच्या मुलाला एका पूर्ण जेवणासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरली आहे. मी जवळजवळ तेवढाच शिधा सात वर्षांच्या पोराच्या मधल्या खाण्याला देत होते, आणि वर ओरडत होते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात म्हटले आहे की २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले साठ टक्के घराघरांतून. हॉटेलांना आणि लग्नांना नावे ठेवताना मला हे ठाऊक नव्हते.

परसबाग करण्याची कल्पना बाईंचीच. तशी ती नवी नव्हे. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नयी तालीम निघाली, तेव्हापासून सेवाग्रामला बागकाम हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. शाळाशाळांतून पोषण-बाग करावी, अशा केंद्र सरकारच्या सूचनाही २०१९ मध्ये निघाल्या. पण सेवाग्रामची जमीन निराळी आणि आपली निराळी. खाडीकाठचा भराव, हात घालावा तिथे मुरूम आणि डबर! म्हणून वाशी मार्केटमधले फळांचे जुने क्रेट आणले आणि त्यांतच माती केली. मुंबई बंदराच्या कँटीनमध्ये प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर गच्चीत बाग फुलवली, हे आम्ही वाचले होते. त्याने धीर आला.

पहिला प्रयोग मात्र फसला. उत्साहाच्या भरात उरलेले सगळे एका पिंपात ओतले. तेलकट भाजी, दहीभात, सगळे. आठवड्यात अळ्या पडल्या आणि समोरच्या इमारतीतून निरोप आला. मग समजले की ओल्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला हवा, शिजलेले थोडेच घालायचे, आणि दोन-चार दिवसांनी वरखाली करायचे. सुका पाला आपल्या रस्त्यांवर पोत्यांनी मिळतो. दोन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत झाले. त्याला पावसानंतरच्या मातीचा वास येत होता.

दसऱ्यानंतर मुलांनी मेथी आणि मुळा पेरला. महिन्याभरात मेथी काढणीला आली. एका मुलीने पान तोंडात घातले, तोंड वाकडे केले आणि आणखी एक तोडले. मावशींनी जुडी बांधून दिली तेव्हा ती घरी कोण नेणार यावरून भांडण झाले!

नातू सगळ्या भाज्या खाऊ लागला, असे मी म्हणणार नाही. दुधी तो आजही खात नाही. पण आता एकच पोळी नेतो, आणि भाजी उरली तर डब्यात तशीच परत आणतो व "आजी, उरली" म्हणून सांगतो. पूर्वी मला रिकाम्या डब्याचे कौतुक होते, आणि त्यापायी पोराला लपवायला मीच शिकवले होते. बादली अजून निघते, पण अर्ध्याहून कमी भरलेली असते.

आता माझे मागणे. गेल्या मे महिन्यात शाळा बंद झाली, पाणी घालायला कोणी राहिले नाही, आणि जूनमध्ये मुले आली तेव्हा क्रेटमध्ये वाळलेल्या काड्या होत्या. पिंपातले खतही सुकून ढेकळे झाले होते. पहिलीतली एक मुलगी त्या काड्यांना पाणी घालत बसली होती. तिला काय सांगावे ते मला सुचले नाही. यंदा वांगी आहेत, अळू आहे, कुंपणावर वाल चढला आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यापासून शाळा उघडेपर्यंत साधारण चाळीस दिवस होतात. रोज दोघीजणी, सकाळी आठच्या आत, अर्धा तास. ज्या गावी जाणार असतील त्यांनी पुढचे-मागचे दिवस घ्यावेत. नळ मागच्या बाजूला आहे, झाऱ्या दोन आहेत, फाटकाची किल्ली मावशींकडे असते. वही मी आणली आहे. चहाच्या टेबलावर ठेवते.