जुन्या मोटारीचा घरगुती जीर्णोद्धार

जुनी मोटार चालू करणे आणि जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करणे ही दोन कामे एकच आहेत, अशी सर्वसाधारण समजूत असते. पहिले काम कोणताही हुशार मिस्त्री आठपंधरा दिवसांत उरकील. दुसऱ्याला वर्षे लागतात, आणि त्यात हातापेक्षा विवेकाची परीक्षा अधिक होते. जुन्या मोटारी म्हटल्या की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर मुंबईच्या रस्त्यांवरून निघणारी चकचकीत वाहनांची मिरवणूक आणि पदरी कारागीर बाळगणारे धनिक उभे राहतात. घरच्या पडवीत, रविवारची सवड साधून, स्वतःच्या हाताने हे काम करणाऱ्या हौशी गृहस्थाचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो गृहस्थ अर्धापूरसारख्या गावी राहत असेल, हे तर मनातही येत नाही. नांदेडहून नागपूरच्या रस्त्याने उत्तरेस निघाले की केळीच्या बागांमधून हे गाव लागते. तेथे इंग्लिश स्पोर्ट्स मोटारीचे काय काम, असे कोणीही विचारील. परंतु थोडा विचार केला असता दिसते की, या कामाला लागणारे बहुतेक सर्व कसब अशाच गावांत आजवर टिकून आहे.

उदाहरणादाखल एम. जी. कंपनीची ‘टी. सी.’ ही मोटार घ्यावी. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. या उद्योगाचा मूळ पुरुष विल्यम मॉरिस याने 1893 च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे अवघ्या चार पौंडांच्या भांडवलावर, वडिलांच्या घरीच सायकल-दुरुस्तीचे दुकान थाटले होते. त्याच्या गॅरेजचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने पुढे साध्या मॉरिस मोटारींवर हलके, डौलदार सांगाडे चढवून विकण्यास सुरुवात केली आणि त्यातून हे नाव उदयास आले. दुसरे महायुद्ध संपताच, 1945 साली, ॲबिंग्डनच्या कारखान्यातून टी. सी. बाहेर पडू लागली. 1949 पर्यंत तिच्या सुमारे दहा हजार गाड्या निघाल्या. साडेबाराशे घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे यंत्र, सुमारे 54 अश्वशक्ती, 19 इंची तारांची चाके, दोन माणसांपुरती जागा आणि पाठीमागे उभी चौकोनी पेट्रोलची टाकी, असे हे सुटसुटीत वाहन आहे.

या मोटारीचे खरे मर्म पत्र्याखाली आहे. तिचा बाहेरचा पत्रा पोलादी असला तरी तो ज्यावर ठोकलेला असतो तो सांगाडा लाकडाचा, ॲश नावाच्या वृक्षाचा असतो. क्रिकेटच्या स्टंप आणि हत्यारांचे दांडे ज्याचे करतात तेच हे लाकूड. ते लवते, धक्का सोसते. मात्र ते वाढले दमट हवेत. मराठवाड्याच्या वैशाखात ते आकसते, खाचेतले कुसू सैल होते, दार खाली झुकते आणि खाचखळग्यात गाडी कुरकुरू लागते. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही तो दाराच्या बिजागऱ्या बदलीत बसतो. उलटपक्षी, कोरड्या हवेचा लाभही आहे. समुद्रकाठच्या मोटारीला जो गंज पाचसहा पावसाळ्यांत खाऊन टाकतो, तो येथे पुष्कळ सावकाश चढतो.

येथे गावच्या सुताराचे साहाय्य घ्यावे. ज्याने बैलगाडीचे चाक जुळवले आहे, त्याला खाच आणि कुसू शिकवावे लागत नाही. किनवट-माहूरच्या रानातला साग जिल्ह्यातच मिळतो, तेव्हा ॲशऐवजी साग वापरण्याचा मोह होतोच. साग मापाला पक्का आणि वाळवीला दाद न देणारा खरा. परंतु ॲशइतका धक्का तो सोसत नाही, आणि त्यातील तेलामुळे सरस नीट धरत नाही. म्हणून जोडापूर्वी सागाचा पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घ्यावा लागतो. शहाणा हौशी माणूस सगळा सांगाडा उपटून नवा करीत नाही. जेथे लाकूड कुजले तेवढाच तुकडा तिरका कापून काढतो, त्या जागी नवा सांधतो आणि उरलेले जुने लाकूड जागच्या जागी ठेवतो. नवा सांगाडा करणे सोपे असते. जुना राखणे कष्टाचे असते.

तारांच्या चाकांचेही तसेच आहे. चाक फिरवून, आऱ्या कमीजास्त ताणून त्याचा डुगडुग काढणे हे सायकलच्या दुकानातले नित्याचे काम होय. मोटारीच्या आऱ्या जाड असतात आणि त्यांवर जिवाची जोखीम असते, हा फरक आहे, कौशल्य तेच. मॉरिसच्या सायकलच्या दुकानापासून निघालेली ही मोटार अखेर सायकलवाल्याच्याच हाती येते, यात मोठी गंमत आहे.

यंत्र उघडताना मात्र एक चमत्कारिक अडचण उभी राहते. मॉरिसने 1923 साली कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा यंत्रनिर्मितीचा कारखाना विकत घेतला होता. तेथील यंत्रसामग्री मिलिमीटरच्या मापाचे आटे पाडणारी होती. परिणामी टी. सी.च्या यंत्राच्या बोल्टांचे आटे मिलिमीटरच्या मापाचे आहेत. पण इंग्लिश मिस्त्रीजवळचे पाने बसावेत म्हणून त्यांची डोकी व्हिटवर्थच्या इंची मापाची ठेवली. आजचा मिस्त्री मिलिमीटरचा पाना लावतो, तो घसरतो आणि बोल्टाचे डोके गोल होते. मग तो आटेही इंची असतील असे धरून नवा इंची बोल्ट जोराने पिळतो आणि आटे फोडतो. म्हणून डोक्यासाठी व्हिटवर्थचा पाना आणि आट्यांसाठी मिलिमीटरचे माप, असा दुहेरी संसार या कामात सांभाळावा लागतो. विजेचे काम करणाऱ्यानेही आधी सावध व्हावे. या मोटारीत बॅटरीचा धन ध्रुव सांगाड्याला जोडलेला असतो, ट्रॅक्टरच्या सवयीने ऋण ध्रुव जोडून चालत नाही. ब्रेकच्या जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी आणि मुलांना त्या कोपऱ्यात फिरकू देऊ नये.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावे. असे समजा की, अर्धापूरच्या या गृहस्थाने विकत घेतलेल्या टी. सी.चे बॉनेट उघडले आणि आत तिचे मूळ यंत्र नसून ॲम्बॅसडरचे निघाले. हे मुळीच अशक्य नाही. 1950 नंतरच्या दशकांत परदेशी मोटारी व त्यांचे भाग आणण्यावर आपल्याकडे कडक निर्बंध होते. एक पिस्टन फुटला तरी मोटार कायमची बसून राही. तेव्हा मिस्त्री लोक जे देशात मिळे ते यंत्र बसवीत, आणि भारतात टिकलेल्या कितीतरी जुन्या मोटारी याच युक्तीने भंगारातून वाचल्या. शुद्धतावादी मंडळी या प्रकाराला जुगाड म्हणून नाक मुरडतात. ते अन्यायाचे आहे. वस्तुतः हे यंत्र परकेही नव्हते. ॲम्बॅसडरचे 1489 घनसेंटिमीटरचे यंत्र आणि 1955 साली निघालेल्या एम. जी. ए. या स्पोर्ट्स मोटारीचे यंत्र ही एकाच घराण्यातली. टी. सी.चे मूळ यंत्र तरी काय होते? 1938 च्या मॉरिस टेन या साध्या कौटुंबिक मोटारीच्या यंत्राचेच ते वाढवलेले रूप. आणि त्याच मॉरिस टेनची भारतीय आवृत्ती हिंदुस्तान टेन या नावाने आपल्या रस्त्यांवर धावली. मिस्त्रीने चुलत घरातली सोयरीक जुळवली होती, इतकेच.

मग ते यंत्र काढावे की ठेवावे? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. केंद्र सरकारने 2021 साली केलेल्या नियमांप्रमाणे प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुने, मूळ स्वरूपात राखलेले, आणि चासी, सांगाडा किंवा यंत्र यांत मोठा फेरफार न झालेले वाहनच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदले जाते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही. ए.’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. अशा वाहनाला रोजच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, संचलन, देखभाल, पेट्रोल भरणे अशा कारणांपुरतीच मुभा असते.

येथेच मोह उत्पन्न होतो. इंग्लंडातून दुसऱ्या एखाद्या टी. सी.चे यंत्र मागवावे, त्यावरचा आकडा घासून काढावा आणि आपल्या नोंदवहीतला आकडा ठोकावा, असा सल्ला देणारे भेटतात. आकडा ठोकण्याचे लोखंडी ठसे बाजारात सहज मिळतात आणि काम अर्ध्या तासाचे असते. हा गुन्हा तर आहेच. शिवाय त्या घटकेपासून मोटारीच्या इतिहासातले एकही पान विश्वसनीय राहत नाही. ज्याने कुजलेल्या लाकडाचा एक तुकडा राखण्यासाठी आठवडा घालवला, त्यानेच हे करावे यासारखी विसंगती नाही. यंत्र आणावयाचे असल्यास ते त्याच्या स्वतःच्या आकड्यासह आणावे आणि परिवहन कार्यालयात बदलाची रीतसर नोंद करावी. ते पूर्ण यंत्र मिळत नसेल, वा परवडत नसेल, तर ॲम्बॅसडरचे यंत्र खुशाल ठेवावे, चासी आणखी कापू नये आणि व्हिंटेजची पाटी मागू नये. अशी मोटार साध्या नोंदणीवर, तपासणीला उतरेल तोवर, चालविता येते. केळीच्या हंगामात नांदेडच्या बाजारापर्यंत जाऊन येणारी सच्ची संकरित मोटार ही मखरात बसवलेल्या बनावट मोटारीहून केव्हाही सरस.

पेट्रोलविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. अलीकडे आपल्याकडील पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ज्या मुलखात ऊस पिकतो त्याला ही गोष्ट आनंदाचीच, पण टी. सी.च्या एस. यू. कार्बोरेटरच्या जेटभोवती बुचाच्या कड्या असतात आणि जुन्या नळ्या रबराच्या. इथेनॉलने रबर फुगते व फाटते, आणि मोटार महिनाभर उभी राहिली की बूच सुकून गळू लागते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घालाव्यात, गाडी उभी ठेवताना कार्बोरेटर रिकामा करावा. या कार्बोरेटरचा इतिहासही मौजेचा आहे. तो काढणारे स्किनर हे पादत्राणे विकणाऱ्या घराण्यातले होते आणि त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता.

खोलण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे, प्रत्येक बोल्ट नाव लिहिलेल्या डबीत ठेवावा, हे सर्व पुस्तके सांगतात. पुस्तके जे सांगत नाहीत ते असे की, ज्या मिस्त्रीने पूर्वी ते यंत्र बदलले तो हयात असल्यास त्याला प्रथम गाठावे. त्याने बैठक कोठे कापली, गिअरच्या पेटीला कोणता जोड दिला, काढलेले मूळ भाग कोणाला विकले, हे इंग्लंडातल्या कोणत्याही ग्रंथात नसते. ही पिढी आता सत्तरीपलीकडे गेली आहे. तिला फोनवर विचारू नये. मोटारीशेजारी खुर्ची टाकून बसवावे, हातात पाना द्यावा आणि तो सांगेल तसे वहीत उतरवून घ्यावे. मूळ यंत्र पुढेमागे सापडून परत बसले, तर काढलेल्या ॲम्बॅसडरच्या यंत्राला ग्रीस फासून, तोंडे लाकडी बुचांनी बंद करून, ते त्याच छपराखाली फळीवर ठेवावे आणि त्याची वहीही त्याच्याच शेजारी.