गोदीत मैदान, गोदीवाला कुठाय?

दोस्तांनो, लिव्हरपूलची ब्रॅमली-मूर गोदी १८४८ सालची. तिच्यात वाळू ओतून एव्हर्टन क्लबानं स्टेडियम बांधलं, २०२५ला उघडलं. ५२ हजारांवर माणसं बसतात. बसोत. फुटबॉलशी आपलं वैर नाही.

पण त्याच शहरात १९९५ला, कामावरून काढलेल्या पोरांची फळी ओलांडणार नाही म्हणाले, म्हणून पाचशेच्या आसपास गोदी कामगार घरी बसवले. १९९७ला रॉबी फाउलरनं गोल मारून त्यांच्या बाजूचा शर्ट दाखवला. दंड झाला!

म्हणजे मैदानात गोदीवाल्याचं नाव घेतलं की गुन्हा, अन् गोदी बुजवून मैदान केलं की विकास!

मुंबई बंदराच्या जमिनीचेही नकाशे निघालेत. त्यात आपली खोली शोधा. नसेल, तर आत्ताच बोंबला. जय भीम!