कमरेवरची झीज

माझे वडील कल्हईवाले होते. भाता, कथील, नवसागर आणि कापसाचा बोळा एवढ्या भांडवलावर त्यांनी आम्हा पाच भावंडांना वाढवलं, मला बी.ए.पर्यंत शिकवलं. कविता मला उशिरा कळली, पण भांड्याचा मुलामा कुठून आणि कशानं उडतो हे शाळेत जाण्याआधीच कळत होतं. पातेल्याचा तळ लवकर उघडा पडला तर घरात खाणारी तोंडं जास्त. काठ झिजला असेल तर डाव आपटायची सवय. भांडं वापरलं की झिजतं, यात नवल काही नाही.

आज ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती मात्र न वापरता झिजते. अमेरिकेत, टेक्सास राज्यात, डॅलसजवळच्या एका गावात माझा भाचा पेट्रोल पंप आणि त्याला लागून किराणा दुकान चालवतो. त्याच्या कमरेला, शर्टाच्या आत, रोज एक पिस्तूल असतं. २०२३च्या उन्हाळ्यात मी महिनाभर त्याच्याकडे राहिलो. दर रविवारी तो जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरायचा, गोळ्या काढायचा आणि पिस्तूल खोलून पुसायचा. मी समोर चहा घेऊन बसायचो. शस्त्रातलं मला काही कळत नाही, मुलाम्यातलं कळतं.

पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवर. १९३५ साली बाजारात आलेला हा नमुना. याच घराण्याचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्याकडे इशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होतं. भाच्यानं २०१२ मध्ये नवं घेतलं, तेव्हा म्हणे त्यात तोंड दिसायचं. त्या निळसर काळ्या झिलईला ब्लूइंग म्हणतात. तो रंग नव्हे, चढवलेला दुसरा धातूही नव्हे. तो लोखंडाचाच एक प्रकारचा गंज! जुने कारागीर पोलादाला मुद्दाम तांबडा गंज चढू देत, मग ते पाण्यात उकळत. तांबड्याचं काळं होई. ब्रशनं घासून पुन्हा गंजवत, पुन्हा उकळत. आता कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात तेच काम लवकर होतं. एका गंजानं दुसऱ्या गंजाला दाराबाहेर ठेवायचं, अशी ती युक्ती. थर मात्र अगदी पातळ. आमच्या घरच्या दखनीत गंजाला 'जंग' म्हणतात आणि लढाईलाही 'जंग'च. फारसी लिपीत दोन्ही शब्दांची अक्षरं वेगळी आहेत, पण आमच्या जिभेनं तो भेद कधीच मिटवला.

तर आता ते पिस्तूल कसं दिसतं? नळीच्या तोंडाशी आणि वरच्या सरकत्या भागाच्या दोन्ही कडांवर पांढरं पोलाद उघडं पडलंय. म्यानात घालताना-काढताना तिथं घासतं. हल्ली कायडेक्स नावाच्या कडक प्लॅस्टिकचं म्यान वापरतात. त्यात धूळ अडकली की ते कानशीसारखं काम करतं. चामड्याचं मऊ, पण ते घाम धरून ठेवतं. भाचा उजव्या हाताचा, म्हणून पिस्तुलाची डावी बाजू अंगाकडे. ती बाजू मला जास्त खराब दिसली. डॅलसचा उन्हाळा आपल्या सोलापूरला लाजवणारा. अंगातलं मीठ झिरपत राहतं आणि बारीक तांबडे ठिपके येतात. रोज रात्री तेलाचा बोळा फिरवूनही येतात.

नळीत बॅटरी मारून त्यानं मला आतलं दाखवलं. आतले आटे स्वच्छ, धारदार. दोन-चार महिन्यांनी नेमबाजीच्या मैदानावर पन्नासेक गोळ्या झाडतो, तेवढंच. इतक्या वर्षांत माणसावर एकदाही रोखलेलं नाही. तिथल्या पोलिसांची जुनी पिस्तुलं विक्रीला येतात, तीही पुष्कळदा अशीच असतात म्हणे : बाहेरून घासलेली, आतून जवळजवळ नवी. गोळीसुद्धा न झाडता झिजते. रोज रात्री काढायची, सकाळी तीच पुन्हा भरायची, असं होत राहिलं की धक्क्यानं तिचं शिसं काडतुसात मागे दबतं आणि ती झाडणं धोक्याचं होतं. म्हणून जाणती माणसं वरची गोळी बदलत राहतात.

आणि पाट्या! 'इथे छुपं हत्यार आणू नये' अशी पाटी एखाद्या दुकानाच्या दारावर दिसली, की मोटारीत बसून पिस्तूल काढून ठेवायचं, परतल्यावर पुन्हा लावायचं. प्रत्येक पाटीमागे एक ओरखडा.

हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं. "मामू, तुम्ही वसुदेव पटेलांचं नाव ऐकलंय?" तो म्हणाला. ११ सप्टेंबर २००१नंतर चार आठवड्यांच्या आत डॅलस परिसरात एकाच माणसानं तीन दुकानदार-नोकरांवर गोळ्या झाडल्या. वकार हसन गेले, मेस्क्वीटच्या पंपावर वसुदेव पटेल गेले, रईस भुइयां एक डोळा गमावून वाचले. मारेकऱ्याला अरब मारायचे होते. तिघांत एकही अरब नव्हता. पुढे याच रईसनं त्याची फाशी टळावी म्हणून खटपट केली. २०११ साली ती शिक्षा अमलात आली. भाच्याला रईस मनापासून आवडतो. "पण गल्ल्यावर मला पटेल आठवतात," तो म्हणाला.

मी त्याला दुसरं नाव सांगितलं, फिलँडो कॅस्टिल. जुलै २०१६, मिनेसोटा राज्य. शाळेच्या उपाहारगृहात काम करणारा काळा माणूस. पोलिसानं मोटार थांबवली तेव्हा आपल्याजवळ पिस्तूल आहे हे त्यानं आपणहून सांगितलं. परवाना होता. काही सेकंदांत पोलिसानं सात गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी होती. वर्षभरानं तो पोलीस निर्दोष सुटला. भाच्याला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून बहुतेक सज्ञान माणसांना परवान्याची गरज उरलेली नाही, तरी त्यानं आपला परवाना चालू ठेवलाय. दाढी, नाव, रंग आणि कमरेला पिस्तूल. पोलिसाला आधी काय दिसेल, याचा हिशेब तो रोज स्टिअरिंगवर बसताना करतो. दोन्ही हात वर, दिसतील असे ठेवतो.

त्याची मुलगी सात वर्षांची. बाप दुकानातून आला की ती धावत जाते आणि डाव्या बाजूनंच मिठी मारते. तिला कुणी शिकवलेलं नाही. उजवीकडे काहीतरी टोचतं, एवढंच तिला माहीत असावं. माझी बहीण, तिची दादी, तिकडे गेली होती तेव्हा हे पाहून काही बोलली नाही. रात्री मला फोन करून रडली.

निघायच्या आधी मी म्हटलं, "अरे, झिलई परत करून घे. पोलाद उघडं ठेवू नये." कारागीर मिळतो, पण पिस्तूल काही आठवडे त्याच्याकडे ठेवावं लागतं. भाचा म्हणाला, "मग तेवढ्या दिवसांसाठी दुसरं घ्यावं लागेल." मी म्हटलं, "किंवा तेवढे दिवस नसू दे." त्यानं टॉवेलची घडी घातली. उत्तर दिलं नाही.

परवा फोनवर बोललो. पिस्तूल अजून पाठवलेलं नाही. दुसरंही घेतलेलं नाही.