जीन ग्रे : अपराध कोणाचा, त्याग कोणाचा ?

(नभोवाणीवरील भाषण)

अमेरिकेंत रंगीत चित्रकथांच्या पातळ पुस्तिका पुष्कळ वर्षांपासून निघत आहेत. मुलांच्या करमणुकीचें साधन म्हणून त्या वाढल्या, आणि सुशिक्षित माणसानें त्यांच्याकडे पाहून नाक मुरडावें, अशीच बरेच दिवस रीत होती. अशा वाङ्मयांत नीतिशास्त्राचा एखादा गहन प्रश्न सांपडेल, असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु जीन ग्रे नांवाच्या नायिकेच्या चरित्रांत तो सांपडतो. विशेष असें कीं, तो सोडविण्याचा प्रसंग कथेंतील पात्रांइतकाच ती कथा रचणाऱ्या मंडळींवरहि आला.

सप्टेंबर १९६३ ची तारीख असलेला ‘एक्स-मेन’ या मालेचा पहिला अंक मार्व्हल या प्रकाशनसंस्थेनें काढला. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी. जन्मतःच विलक्षण शक्ति लाभलेल्या तरुणांना प्राध्यापक चार्ल्स झेव्हियर आपल्या शाळेंत शिकवितात, अशी मूळ कल्पना. चार मुलगे आणि पांचवी जीन. हात न लावतां केवळ मनोबलानें वस्तु हलविणें ही तिची विद्या. पुढें, १९६८ च्या सुमारास, दुसऱ्याच्या मनांतील विचार जाणण्याचीहि शक्ति तिला मिळाली. तरी प्रारंभींच्या त्या कथांत तिच्या सामर्थ्यापेक्षां तिच्या रूपाचीच वाखाणणी अधिक. १९७० सालीं नव्या कथा बंद पडल्या आणि कांहीं वर्षें जुन्याच पुन्हां छापल्या गेल्या.

१९७५ सालीं लेन वेन आणि डेव्ह कॉक्रम यांनीं मालेला नवें जीवन दिलें. लागलीच लेखनाची सूत्रें ख्रिस क्लेअरमाँट यांच्याकडे आलीं. १९७६ च्या एका कथेंत अंतराळांतून परतणारें यान घातक किरणांच्या वादळांत सांपडतें. सोबत्यांना सुरक्षित भागांत ठेवून जीन एकटी यान हांकते. यान न्यूयॉर्कजवळील जमेका उपसागरांत कोसळतें, आणि त्या पाण्यांतून ती ‘फिनिक्स’ होऊन वर येते. स्वतःच्या राखेंतून पुन्हां जन्मणाऱ्या पक्ष्याचें हें नांव. आतां तिच्या सामर्थ्याला सीमाच उरली नव्हती. स्त्रीपात्राला थॉरसारख्या देवतुल्य वीराच्या तोडीचें बल द्यावें, हा कर्त्यांचा हेतु होता.

१९८० सालीं क्लेअरमाँट व जॉन बर्न यांनीं या बलाची काळी बाजू रंगविली. एक कपटी मायावी तिच्या मनाशीं खेळतो. मनाचे बांध फुटतात. भूक लागली म्हणून ती एक तारा गिळून टाकते, आणि त्याच्याभोंवतीं फिरणाऱ्या ग्रहावरील पांच अब्ज जीव नष्ट होतात. कर्त्यांच्या मनांतला शेवट असा होता कीं, तिच्या शक्ति काढून घ्याव्या आणि तिनें साधी स्त्री म्हणून जगावें. मुख्य संपादक जिम शूटर यांनीं त्याला हरकत घेतली. एवढ्या संहारानंतर अपराध्यानें घरीं सुखानें नांदावें, हा न्याय कसा ? शेवटचीं पृष्ठें पुन्हां लिहिलीं व काढलीं गेलीं. १३७ व्या अंकांत, चंद्राच्या पृष्ठभागावर, शुद्धीच्या एका क्षणीं जीन स्वतःच आपला अंत करून घेते. रद्द झालेला शेवट पुढें १९८४ सालीं निराळा प्रसिद्ध झाला.

आपल्याकडील भस्मासुराची कथा येथें सहज आठवते. त्यालाहि न पेलणारें सामर्थ्य मिळालें होतें. परंतु भस्मासुर मोहिनीच्या नादानें फसून आपल्याच मस्तकावर हात ठेवतो. जीन जाणूनबुजून, इतरांस वांचविण्यासाठीं मरते. एकाचा नाश झाला. दुसरीनें प्रायश्चित्त घेतलें. हाच भेद तिच्या कथेला शोकांतिकेची उंची देतो.

मग १९८६ साल आलें. मूळच्या पांच विद्यार्थ्यांची ‘एक्स-फॅक्टर’ ही नवी माला काढावयाची होती, आणि जीन तर मेलेली ! तिला परत आणावयाची तर ती निर्दोष ठरली पाहिजे, असा आग्रह पडला. कर्ट ब्युसिक यांनीं सुचविलेली तोड उपयोगांत आली. मेली ती जीन नव्हेच; तिचें रूप घेतलेली ती एक विश्वशक्ति होती; खरी जीन उपसागराच्या तळाशीं कोशांत निद्रिस्त होती !

तोड चतुर खरी. पण तिची किंमत केवढी, पाहा. तारा गिळला तो जीननें नव्हे, म्हणून ती दोषमुक्त झाली. मग चंद्रावरचें आत्मार्पणहि तिचें राहिलें नाहीं. पापाचा धनी दुसरा ठरविला कीं पुण्याचा धनीहि दुसराच ठरतो. नायिकेला निष्कलंक करण्याच्या नादांत तिच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें कृत्य तिच्यापासून हिरावून घेतलें गेलें.

पुढें १९९४ सालीं स्कॉट समर्स या जुन्या सोबत्याशीं तिचा विवाह झाला; २००४ सालीं तिला पुन्हां मारण्यांत आलें; २०१७-१८ मध्यें ती पुन्हां उठली. मात्र २००६ आणि २०१९ या दोन्ही सालच्या चित्रपटांनीं उचलली ती १९८० चीच कथा. याचें कारण उघड आहे. वाचकाला निर्दोष पुतळी नको असते. आपल्या करणीचें ओझें स्वतःच्या खांद्यावर घेणारें माणूस हवें असतें. ज्याला आपण सामर्थ्य देतों, त्याला जबाबदारीहि दिली पाहिजे. ती काढून घेणें ही दया नव्हे, तो अवमान होय.